झेमेकची यादी

ग्लिवित्से, १२ जानेवारी

प्रिय झेमेक,

तुझा पत्ता हिल्दामावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तीनदा मागितल्यावर दिला. ई-मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

बाबा जिवंत आहेत, हे आधी सांगते. माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं तेच आलं असणार. ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं बरंच परत आलंय, शिव्या तर सगळ्याच्या सगळ्या आल्यात. पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखा. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. त्या आल्या की बाबा डोळे मिटून घेतात. "रबरी चेंडू दाबायला मी काय तान्हा आहे?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हातात जे काही परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, नंतर फारसं नाही. त्यातले तीन गेले.

आता ज्यासाठी लिहितेय ते. संत बार्बराच्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या एवाल्दकाकांकडे खाणवाल्यांचं जेवण असतं, ते अजून चालू आहे. या डिसेंबरात दोघांनी बाबांना खुर्चीसकट वर नेलं. एवाल्दकाकांनी बत्तीस वर्षं जमिनीखाली काढली आणि निवृत्त झाल्यापासून ते संगणकावर ट्रक चालवतात. त्या खेळात आभाळ खूप असतं म्हणे. जावयाने टेबलाला स्टिअरिंग बसवून दिलंय. जेवणानंतर त्यांनी गंमत म्हणून बाबांना त्याच्यापुढे बसवलं.

"चल आलोइझ, दाखव. का एकतीस वर्षं ट्रकवर बसवून कंपनीने तुला फुकट पगार दिला?"

बाबांनी उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं. वळण आलं, आणि डावा हात उठला, झेमेक. कुणी न सांगता उठला आणि जाऊन स्टिअरिंगवर बसला.  एवाल्दकाका म्हणाले, "इंडिकेटर कोण देणार, गाढवा?"

रोज त्यांना दोन मजले वर नेणं शक्य नाही, लिफ्ट अजून नाहीच. तसा संगणक आपल्या घरी हवाय. मी दुकानात गेले तर तिथल्या माणसाने माझ्यासमोर इतकी खोकी मांडली की मी 'विचार करून सांगते' म्हणून बाहेर पडले. मला एक प्रोसेसर सोडला तर कशाचं नावही कळलं नाही. आपल्या घरात हे एकालाच कळतं.

संगणक आणि बाबा हे दोन शब्द मी तुला एकाच पत्रात लिहितेय, याची मला जाणीव आहे. आईच्या अंत्यविधीच्या वेळचंही मी आज काढत नाही. दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही तर नुसती यादी पाठव.

बोग्ना


२ फेब्रुवारी

प्रिय झेमेक,

कार्ड मिळालं. पुढे समुद्रात उभा कडा, मागे नऊ ओळी. 'प्रिय' नाही, सही नाही. बाबांनी भिंग घेऊन वाचलं, उलटून कडा पाहिला, पुन्हा वाचलं. "सही करायला शाई संपली होती काय?" मग मला कपाटाच्या काचेत लावायला सांगितलं. कड्याची बाजू आत, यादीची बाहेर.

ती यादी घेऊन दुकानात गेले. दुकानदाराचं नाव कोर्नेल, असेल तिशीचा. त्याने ती मन लावून वाचली.

"ज्याने लिहिलंय त्याला कळतं. पण बाई, 'दिवे नकोत'? दिव्यांशिवाय कॅबिनेट हल्ली कोण घेतं?"

"माझे वडील."

"वय?"

"त्र्याहत्तर."

"मग दिवे राहू द्या. पण खुर्ची तरी घ्या, रेसिंगची. बघा, कंबरेला कसा आधार आहे!"

"त्यांच्याकडे खुर्ची आहे. तिला चाकं आहेत."

तो लाजला बिचारा. त्यानंतर त्याने मला एकही अनावश्यक गोष्ट दाखवली नाही. 'रॅमची एक मोठी पट्टी नको, सारख्या दोन घे' असं तू का लिहिलंस, ते त्याने समजावून सांगितलं: दोन दारांनी माणसं लवकर आत येतात. पॉवर सप्लायच्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या आहेस आणि 'इथे काटकसर नको' म्हटलंयस. त्यावर तो म्हणाला, "सगळे इथेच वाचवतात आणि मग धूर निघाला की माझ्याकडे येतात." मी वाचवलं नाही.

आता माझे प्रश्न. ग्राफिक्स कार्ड जुनं चालेल म्हणतोस. कोर्नेलकडे एक आहे, पण ते आधी कुणीतरी बिटकॉइनसारखी आभासी नाणी 'खणून' काढायला दोन वर्षं अहोरात्र राबवलेलं आहे. घ्यावं का? दुसरं, स्टिअरिंगबरोबर तीन पेडलं येतात आणि त्यातला क्लच फार कडक आहे. डाव्या पायाने बाबांना तो जेमतेम अर्धा दाबता येतो. 'मग क्लचशिवाय चालवा' असं मी म्हटलं, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना शेळी हाकायला सांगितलं.

आणखी एक. बाबांनी विचारलं, "माझी चौकशी केली का त्याने?" मी 'हो' म्हटलं. ते खोटं होतं आणि तुझ्या नावावर होतं, म्हणून तुला कळवतेय. माझ्या तोंडून अशी सोयीची उत्तरं किती सहज निघतात, ते मला अलीकडे दिसायला लागलंय.

बोग्ना


२४ फेब्रुवारी

प्रिय झेमेक,

तुझं दुसरं पोस्टकार्ड मिळालं. तू सांगितलंस तसं केलं. क्लचचं पेडल उघडून आतली स्प्रिंग काढली आणि कोर्नेलने दिलेली मऊ स्प्रिंग बसवली. आता पाय खालपर्यंत जातो. जुनं ग्राफिक्स कार्डही घेतलं, आधी तू लिहिलंस तसे त्याचे पंखे हाताने फिरवून बघितले, खरखर नव्हती. एवाल्दकाकांनी ते कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"खाणीतून निवृत्त झालंय म्हणे. मग फुप्फुसं तपासलीत का? आमच्याकडे त्याशिवाय सोडत नाहीत."

कोर्नेल जोडून देणार होता, पण बाबांनी साफ नकार दिला. ज्याने रस्त्याच्या कडेला बर्फात इंजिन उघडलंय तो दुकानातून जोडून आणणार नाही म्हणे. रविवारी जेवण झालं, मांसाचा रोलाडा आणि बटाट्याच्या क्लुस्कींच्या थाळ्या उचलल्या आणि त्याच टेबलावर आम्ही तिघं बसलो. मी पुस्तिका वाचायची, एवाल्दकाकांनी स्क्रू आवळायचे, बाबांनी डाव्या तळहातावर स्क्रू सांभाळायचे. दोनदा सांडले. तिसऱ्यांदा त्यांनी मूठ मिटली. पुरती नाही, पण स्क्रू पडले नाहीत.

संगणक सुरू झाला, तेव्हा एवाल्दकाका टाळ्या वाजवत होते. इथपर्यंत सगळं छान.

मग बाबा गाडी घेऊन निघाले. रस्ता अडखळत होता. झाडं उडी मारून पुढे यायची, थांबायची, पुन्हा उडी मारायची. स्टिअरिंग वळवलं की गाडी एका क्षणानंतर वळायची, तोवर ती कठड्यावर गेलेली असायची. तीन दिवस आम्ही प्रयत्न केला. मला वाटलं जुन्या कार्डाने दगा दिला. कोर्नेलने ते आपल्याकडच्या संगणकात लावून दाखवलं, तिथे उत्तम चाललं.

चौथ्या दिवशी बाबांनी हात काढून घेतले. म्हणाले, "यंत्र ठीक आहे, बोग्ना. मलाच असं दिसतंय. डोकं अडखळतंय माझं." मी म्हटलं की मलाही तसंच दिसतंय. त्यांना ते पटलं नाही. मी त्यांच्या समाधानासाठी बोलते हे त्यांना माहीत आहे, आणि इतक्या वर्षांत ती ओळख मीच करून दिली आहे. आता खरं बोलले तर तेही खपत नाही.

त्यानंतर त्यांनी टेबलाकडे पाठ केली. डावा हात पुन्हा मांडीवर. व्यायामाच्या बाई आल्या, तर डोळे मिटलेले.

पत्राला दोन आठवडे लागतात. यावेळी तेवढे थांबता येणार नाही, म्हणून हे त्वरित टपालाने पाठवतेय आणि खाली माझा फोन नंबर देतेय. बोलू नकोस हवं तर, नुसतं लिही.

बोग्ना


३ मार्च

प्रिय झेमेक,

तुझा संदेश आला तेव्हा मी कामावर, अभिलेखागारात होते, समोर शंभर वर्षांपूर्वीचे जमिनीचे नकाशे. 'मॉनिटरची केबल कुठे लावलीस? मागचा फोटो पाठव.' टेबल तसंच सोडून घरी आले. वरिष्ठांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं (हेही लिहून टाकते).

फोटो पाठवल्यावर चार मिनिटांनी तुझं उत्तर: 'वर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही. खाली, कार्डाच्या.'

एवढंच होतं. आम्ही इतकं निवडून, पंखे फिरवून कार्ड आणलं, बसवलं, आणि केबल त्याला न लावता वीतभर वर लावली. कार्ड आत नुसतं बसून होतं. पुस्तिका वाचायचं काम माझं होतं, म्हणजे चूक माझी. एवाल्दकाका म्हणाले, "ट्रकला घोडा जुंपला आणि इंजिनला म्हटलं, तू आराम कर."

केबल बदलली. बाबांना टेबलाजवळ यायला अर्धा तास मनवावं लागलं. मग ते निघाले. रस्ता सरळ वाहत होता. शेवटी म्हणाले, "हं. आत्ता डांबर वाटतं."

संध्याकाळी तू आणखी एक ओळ पाठवलीस: 'त्यांना सांग, डोकं ठीक आहे.'

ती मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली, मग फोन स्वतःच्या हातात घेतला. डाव्या हातात. फोन पडला नाही.

मला तुला दुसरं काही लिहायचं होतं. आजच लिहायचं ठरवून बसले होते. दोनदा सुरुवात करून कागद फाडला. तू आत्ताच कुठे बोलायला लागला आहेस, आणि बाबांकडे दीड महिना उरलाय. मी लिहिलं आणि तू पुन्हा गप्प झालास, तर त्याची किंमत ते देतील. हे कारण खरं आहे. पण ते माझ्यासाठी इतकं सोयीचं आहे की त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

बोग्ना


९ मार्च

प्रिय झेमेक,

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये तुझ्या तांत्रिक शाळेतून पत्र आलं. दोन महिने तू वर्गात नाहीस, परीक्षेला बसता येणार नाही, असं. ते आईला मिळालं. तिने ते कपाटात मेजपोशांखाली लपवलं. ती आधी एकटी शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटणार होती, चांगला कोटही तिने झटकून ठेवला होता.

ते पत्र मला सापडलं. बुधवारी बाबांचा हॅम्बुर्गहून फोन आला, तेव्हा आई बटाटे आणायला तळघरात गेली होती. मी ते त्यांना फोनवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. आई वर आली तोवर फोन ठेवला होता.

शुक्रवारी बाबा आले आणि त्यांनी तुझा संगणक बाल्कनीतून खाली फेकला. रविवारच्या बाजारातून एकेक सुटा भाग आणून तू तो दीड वर्ष जोडत होतास.

मी ते तुझ्या भल्यासाठी केलं, असं मला पूर्वी वाटायचं. नाही. माझी विद्यापीठातली परीक्षा जवळ आली होती, खोली एकच होती, तुझा तो पंखा सतत घरघरायचा, तुझे मित्र माझ्या पलंगावर बसून सूर्यफुलाच्या बिया खायचे. मला शांतता हवी होती. ती मिळाली. सप्टेंबरात तू घर सोडलंस आणि खोली माझी झाली. मला त्या परीक्षेत पहिला वर्ग मिळाला.

हे तू एखादवेळेस सोडून दिलं असतंस. एकोणीस वर्षांची होते. पण सहा वर्षांपूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर मी चाळिशीची होते. शवपेटी अजून आत होती. तू विचारलंस, "त्यांना फोनवर कुणी सांगितलं होतं? आईनेच ना?" मी म्हटलं, "आता ती गेली, झेमेक. सोड."

मी 'हो' म्हटलं नाही. इतकी वर्षं हेच स्वतःला सांगत आले. पण तू ऐकलंस ते 'हो' होतं, आणि तू ते तसंच ऐकावंस म्हणून मी त्या शब्दांत बोलले. तू बॅग उचललीस आणि दफनभूमीपर्यंत आला नाहीस. आईवर माती टाकायला मी, बाबा आणि मावशी होतो. नंतरच्या जेवणाला तुझी खुर्ची रिकामी होती, आणि सगळे बाबांकडे बघत होते, कारण सगळ्यांना वाटलं तू त्यांच्यामुळे गेलास. बाबांनाही तसंच वाटलं. मी सूप वाढत होते.

जिने तुला पाठीशी घातलं, तिच्यावर तू सहा वर्षं रागावून आहेस. तो राग माझा आहे. मला दे. मी क्षमा मागतेय, पण तुझ्याकडून काही अपेक्षा धरून नाही. फक्त बाबांशी बोलणं थांबवू नकोस.

बोग्ना


१४ एप्रिल

प्रिय झेमेक,

पाच आठवडे झाले. कार्ड नाही, संदेश नाही. तक्रार करत नाही. तुला बातम्या हव्या असतील असं धरून चालतेय.

परवा सहा महिने भरले. व्यायामाच्या बाईंनी मोजमाप केलं. डाव्या हाताने बाबा अर्धा भरलेला कप उचलतात. बोटं अजून वेगवेगळी हलत नाहीत, पण मनगट वळतं. बाई म्हणाल्या, हे चेंडूने झालेलं नाही. बाबा म्हणाले, "हे रोटरडॅमच्या गोदीत ट्रेलर रिव्हर्सने लावल्याने झालंय." दिवसाला तीन तास चालवतात. एवाल्दकाका आपल्या घरून येतात आणि बाजूला बसून शिकवतात, म्हणजे शिव्या घालतात.

बाबा रोज विचारायचे, "त्याचं काय?" मी सांगत होते, काम असेल. एक दिवस ते मलाच असह्य झालं आणि मी त्यांना चर्चच्या पायऱ्यांवरचं सगळं सांगितलं. हेही सांगितलं की तुला कळवलंय, म्हणून तू गप्प आहेस.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट पुढे ठेवलं की जेवायचे, भिंतीकडे बघून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची दाढी करत होते, तेव्हा माझा वस्तरा धरलेला हात त्यांनी बाजूला केला.

"तू वाचून दाखवलंस. बरोबर?"

"हो."

"आणि फेकला कुणी?"

मी वस्तऱ्यावरचा फेस पुसत राहिले.

"तुझ्या वाट्याचं तुझ्याकडे ठेव. माझं त्यात मिसळू नकोस. सगळं आपल्याच अंगावर ओढून घ्यायची भारी हौस तुला."

मग मला लिहून घ्यायला सांगितलं. जसं सांगितलं तसं उतरवते: 'बोग्नाने वाचलं. आईने लपवलं. फेकला मी. आलोइझ.' खाली 'माफ कर' लिहू का, असं मी विचारलं. म्हणाले, "ते टपालाने मागायचं नसतं."

सही त्यांची आहे. डाव्या हाताने केली आहे. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बोग्ना


४ मे, स्वयंपाकघरातून

झेमेक,

तू भिंतीपलीकडे बसला आहेस आणि मी इथे कागद घेऊन बसलेय. हसू येईल तुला. पण सकाळी दार उघडल्यावर मी जे बोलणार होते त्यातलं काही सुचलं नाही, आणि तू "बाबा कुठे?" म्हणून बाजूने आत गेलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुझे केस पांढरे झाले आहेत, तेवढं मी पाहिलं.

दार अर्धवट उघडं आहे. मी ऐकतेय, हे कबूल करते. तू नमस्कारसुद्धा न करता कॅबिनेटचं झाकण काढलंस.

"या केबली कुणी बांधल्यात? बुटाच्या नाड्या आहेत का?"

"एवाल्दने."

"आणि मागचा पंखा उलटा बसवलाय. गरम हवा बाहेर टाकायची सोडून आत ओढतोय."

"तरी चालतोय की."

"चालतोय. नशीब तुमचं."

मग नुसता स्क्रू-ड्रायव्हरचा आवाज. मला वाटलं तुम्ही दोघं असेच बसून राहाल आणि तू विमानाची वेळ झाली म्हणून निघून जाशील. मग बाबा म्हणाले, "मी तो फेकला, झेमेक."

"माहितीये. मी खाली उभा होतो."

हे मला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं मी ते चित्र वरून बघत आलेय, बाल्कनीतून.

"खाली कुणी आहे का ते मी बघितलं होतं," बाबा म्हणाले. "त्या दिशेला नव्हतं कुणी."

"मी दरवाजापाशी होतो. शाळेतून येत होतो. त्या दिवशी गेलो होतो शाळेत."

बाबांचा आवाज यानंतर आला तो इतका हळू होता की मला शब्द कळले नाहीत, आणि ते माझ्यासाठी नव्हतेच. तू काय उत्तर दिलंस तेही कळलं नाही. नंतर तू म्हणालास, "हा स्क्रू धरा. डाव्या हातात. तसा नाही, चिमटीत." आणि बाबा म्हणाले, "चिमटी येत नाही अजून." आणि तू म्हणालास, "मग थांबतो मी. घाई नाहीये."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून लिहायची थांबले होते. तू स्वयंपाकघराच्या दारात आलास, हात पुसत. माझ्यासमोरचा कागद बघितलास. मला वाटलं विचारशील, आता आणखी काय लिहायचं राहिलंय. तू विचारलंस, "आई कुठल्या ओळीत आहे?"

मी म्हटलं, "सतराव्या. दफनभूमीच्या मागच्या भिंतीकडून मोजायचं."

"मला नाही सापडणार," तू म्हणालास. "चल."

आतून बाबा ओरडले, "जा दोघं. मी गाडीवर आहे, मला काही लागत नाही."

तू जिन्यात उभा आहेस. बूट घालते.